सत्तेचाळीस टनांचे गलबत

हिंदुस्थानास जाण्याचा मार्ग शोधता शोधता युरोपातील दर्यावर्दी लोकांनी जगाचा अर्धा नकाशा तयार केला, ही गोष्ट आमच्या वाचकांस शाळेपासून ठाऊक आहे. कोलंबस पश्चिमेकडे निघाला आणि वास्को द गामा आफ्रिकेस वळसा घालून कालिकतास आला, हे घरातील लहान मूलही सांगेल. परंतु याच हिंदुस्थानच्या व चीनच्या ओढीने काही माणसे उत्तरेकडेही गेली, आणि गामास जे साधण्यास एक वर्षही लागले नाही ते उत्तरेकडून साधण्यास तीनशे तीस वर्षे लागली, हा इतिहास आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही.

त्या इतिहासाकडे लक्ष वळण्यास अलीकडे एक निमित्त झाले आहे. ग्रीनलंड आणि कॅनडाच्या उत्तरेकडील बेटे यांमधून उन्हाळ्याच्या दिवसांत प्रवाशांस हिंडवून आणणारी जहाजे आता नियमाने निघतात. या सफरींच्या जाहिरातींत जहाजाच्या वेगाची वा विस्ताराची बढाई नसते. ते लहान आहे, हीच गोष्ट मोठ्या अभिमानाने सांगितलेली असते. तुकोबांनी देवापाशी लहानपण मागितले ते निराळ्या हेतूने. परंतु व्यापारी मनुष्य लहानपणाची जाहिरात करू लागला म्हणजे त्यात काही मर्म असले पाहिजे. ते मर्म शोधू लागलो असता आम्हांस असे दिसून आले की, उत्तर सागरातील लहान जहाजाचा हा मान फुकाचा नव्हे. त्यामागे शेकडो माणसांच्या प्राणांचे मोल आहे. तो वृत्तांत थोडक्यात वाचकांपुढे मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू.

प्रथम भूगोल ध्यानात घेतला पाहिजे. अटलांटिक महासागरातून ग्रीनलंडच्या पश्चिमेने वर गेले म्हणजे बॅफिनचा उपसागर लागतो. त्याच्या डाव्या अंगास लँकेस्टर नावाची खाडी आहे; तीच वायव्य मार्गाचे महाद्वार होय. आत शिरल्यावर मात्र बेटांचे असे जाळे लागते की, एखाद्या जुन्या शहराच्या बोळांत परका मनुष्य चुकावा तसे जहाज तेथे चुकते. काही बोळ खोल आहेत. पण ध्रुवाकडील जुनाट, अनेक वर्षांचा बर्फ त्यांतूनच खाली लोटला जातो व तेथे साठतो. काही बोळ किनाऱ्याच्या आडोशास असल्यामुळे उन्हाळ्यात मोकळे होतात. पण ते उथळ असून खडकांनी भरलेले आहेत. किंग विल्यम बेटापाशी या दोन्ही प्रकारांची गाठ पडते. बेटाच्या पश्चिमेकडील पाणी खोल, परंतु तेथे बर्फाचा लोंढा येऊन थडकतो. पूर्वेकडील सामुद्रधुनी उथळ, परंतु सुरक्षित. पुढील सर्व इतिहासाचे सार या एका बेटाच्या दोन अंगांत सामावलेले आहे असे म्हटले तरी चालेल.

पोर्तुगीजांनी १५१० साली गोवे घेतले आणि आफ्रिकेच्या वळशाचा मार्ग आपल्या आरमाराच्या कबजात ठेवला. इंग्रज व्यापाऱ्यांस मिरी व रेशीम पाहिजे होते, आणि त्या मार्गाने जावयाचे तर पोर्तुगीजांशी लढाई करणे प्राप्त होते. म्हणून अमेरिकेच्या डोक्यावरून वाट असली पाहिजे, अशी कल्पना त्यांनी केली. वाट असावी ही इच्छा आणि वाट आहे हा पुरावा यांत त्या काळी फारसा भेद केला जात नसे. १५७६ साली मार्टिन फ्रोबिशर दोन लहान गलबते व एक होडी घेऊन निघाला. होडी वादळात बुडाली, एक गलबत माघारी फिरले, आणि एकटे ‘गेब्रियल’ पुढे गेले. तेथे त्याचे पाच खलाशी नाहीसे झाले. फ्रोबिशरने परत आणलेल्या एका काळ्या दगडात सोने आहे, अशी आवई उठली आणि १५७८ साली तोच गृहस्थ पंधरा जहाजांचा तांडा घेऊन पुन्हा गेला. शेकडो टन दगड इंग्लंडात आला आणि तो निव्वळ दगडच ठरला. वाट शोधण्यास निघालेला मनुष्य लोभाने खाणकाम करू लागला म्हणजे वाटही मिळत नाही व सोनेही मिळत नाही, याचा हा पहिला धडा होता.

फ्रोबिशरमागून जॉन डेव्हिस गेला. त्याच्या गलबतांपैकी ‘सनशाइन’ ५० टनांचे व ‘मूनशाइन’ ३५ टनांचे होते. त्यानंतर १६१० साली हेन्री हडसन ‘डिस्कव्हरी’ या गलबतातून निघाला आणि आज त्याच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या विस्तीर्ण उपसागरात शिरला. हिवाळ्यातील उपासमारीनंतर खलाशांनी बंड केले व जून १६११ मध्ये हडसन, त्याचा पुत्र आणि इतर सात जण यांस एका होडीत घालून समुद्रावर सोडून दिले. त्यांचे पुढे काय झाले ते कोणासही कळले नाही. याच ‘डिस्कव्हरी’तून १६१६ साली रॉबर्ट बायलट व विल्यम बॅफिन हे पुन्हा उत्तरेस गेले आणि त्यांनी लँकेस्टर खाडीचे तोंड पाहिले; परंतु बर्फामुळे ते आत शिरले नाहीत. म्हणजे दार सापडले, पण ते दार आहे हे ओळखण्यास आणखी दोन शतके जावी लागली. या बॅफिनचा शेवट आमच्या वाचकांस विशेष वाटेल. उत्तरेकडून हिंदुस्थानची वाट न मिळाल्यामुळे तो ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत शिरला, दक्षिणेकडील नेहमीच्या मार्गाने सुरतेस आला, आणि १६२२ साली इराणच्या आखातात केश्म येथील पोर्तुगीज किल्ल्याच्या वेढ्यात मारला गेला. ज्या पोर्तुगीजांस टाळण्यासाठी तो बर्फात हिंडला त्यांच्याशीच लढताना त्यास मरण यावे, यात इतिहासाची विलक्षण संगती आहे.

नेपोलियनशी चाललेली युद्धे संपल्यावर इंग्रजांच्या आरमारास काम उरले नाही व त्यांनी १८१८ पासून वायव्य मार्गाचा शोध पुन्हा हाती घेतला. आता हे काम व्यापाऱ्यांचे राहिले नसून राष्ट्राच्या प्रतिष्ठेचे झाले, आणि प्रतिष्ठेबरोबर जहाजांचा आकारही वाढला. याला एक अपवाद होता. सर जॉन रॉस हा १८२९ साली एका धनिकाच्या पैशाने ‘व्हिक्टरी’ नावाचे लहान वाफेचे जहाज घेऊन निघाला. त्याचे इंजिन इतके कुचकामी निघाले की, ते काढून टाकावे लागले; जहाजही अखेर बर्फातच सोडावे लागले. तरी तेथे चार हिवाळे काढून तो व त्याचे बहुतेक सर्व सोबती १८३३ साली जिवंत परत आले. तेथील इनुइट लोकांशी त्यांचा स्नेह जडला होता. टुलुआहिउ नावाच्या एका लंगड्या इनुइटास जहाजाच्या सुताराने लाकडी पाय करून दिला, आणि त्याच्या जातभाईंनी या पाहुण्यांस ताजे मांस व मासे पुरविले. ताज्या मांसाने रक्तपिती टळते, हे शास्त्र त्या काळी कोणी सांगितले नसले तरी अनुभवाने कळण्यासारखे होते. उथळ पाण्यात चालेल असे लहान जहाज व थोडी माणसे पाठवावी, असा रॉसचा पुढे आग्रह असे. त्याकडे आरमारातील अधिकाऱ्यांनी लक्ष दिले नाही.

१९ मे १८४५ रोजी सर जॉन फ्रँक्लिन ‘इरेबस’ व ‘टेरर’ ही दोन भक्कम युद्धनौकांची जोडी घेऊन थेम्स नदीतून निघाला. प्रत्येक जहाज तीनशे टनांहून अधिक वजनाचे होते. त्यांत आगगाडीची इंजिने बसविली होती, पुढील भागास लोखंडी पत्रे मारले होते, तीन वर्षांचे अन्न होते, डबाबंद मांसाचेच सुमारे ८,००० डबे होते, हजारांहून अधिक ग्रंथ होते, आणि पन्नास चाली वाजविणारी बाजाची पेटी होती. इंग्लंडातील एखादे मोठे घर उचलून बर्फात नेऊन ठेवावे तशी ही तयारी होती. आणि आमच्या मते तिचा दोषही हाच होता. ज्या देशात जावयाचे त्या देशाशी ज्याचा काही संबंध येणार नाही, असे घर तेथे उपयोगी पडत नाही.

पहिला हिवाळा बीची बेटापाशी गेला. तेथे तीन खलाशांच्या कबरी आहेत. दुसऱ्या वर्षी जहाजे दक्षिणेकडे वळली. किंग विल्यम हे बेट नसून मुख्य भूमीचाच भाग आहे, अशी त्या वेळी समजूत असल्यामुळे पूर्वेकडून वाट असेल हे फ्रँक्लिनच्या मनात येणे शक्य नव्हते. तो पश्चिमेकडे गेला व सप्टेंबर १८४६ मध्ये त्याची जहाजे बर्फात जखडली. पुढचा उन्हाळा आला व गेला, पण बर्फ सुटला नाही. ११ जून १८४७ रोजी फ्रँक्लिन वारला. २२ एप्रिल १८४८ रोजी उरलेल्या १०५ जणांनी जहाजे सोडली आणि जड होड्या बर्फावरून ओढीत ते दक्षिणेकडे चालू लागले. त्यांपैकी एकही परतला नाही. एकूण १२९ माणसे या मोहिमेत नाहीशी झाली.

त्यांचे काय झाले हे प्रथम ज्याने शोधून काढले तो मनुष्य आरमाराचा नव्हता. हडसन बे कंपनीच्या नोकरीतील जॉन रे नावाचा डॉक्टर मूळचा ऑर्कनी बेटांवरील. चार-सहा माणसे बरोबर घ्यावी, शिकार करून पोट भरावे, रात्री बर्फाचे घर बांधून त्यात निजावे, अशी त्याची प्रवासाची रीत होती. आणि ती त्याने तेथील लोकांपासूनच उचलली होती. १८५४ साली त्यास इनुइट लोकांकडून समजले की, काही वर्षांपूर्वी सुमारे चाळीस गोरी माणसे भुकेने व्याकूळ होऊन दक्षिणेकडे जाताना दिसली, ती सर्व मेली, आणि मरण्यापूर्वी त्यांनी आपल्याच सोबत्यांचे मांस खाल्ले. पुराव्यादाखल फ्रँक्लिनचे एक पदक व चांदीचे चमचे त्या लोकांपाशी होते. रे याने ते विकत घेतले. शिवाय किंग विल्यम हे बेट आहे व त्याच्या पूर्वेस जलमार्ग आहे, हाही शोध त्याने याच प्रवासात लावला.

ही वार्ता लंडनला पोहोचली तेव्हा तिकडील सभ्य समाजाचा क्षोभ झाला. चार्ल्स डिकन्ससारख्या दयार्द्र अंतःकरणाच्या लेखकाने आपल्या साप्ताहिकात लिहिले की, रानटी लोकांच्या सांगण्यावर विश्वास ठेवता येत नाही. किंबहुना त्यांनीच या वीरांचा घात केला नसेल कशावरून? गरिबांची बाजू घेऊन आयुष्यभर लिहिणाऱ्या माणसाची न्यायबुद्धीही स्वजातीच्या अभिमानापुढे अशी थिटी पडली. रे यास बक्षिसाची रक्कम मिळाली, मान मात्र मिळाला नाही. १८६६ साली लंडनमध्ये फ्रँक्लिनचा पुतळा उभारून त्यावर वायव्य मार्गाच्या शोधाचे श्रेय त्यास व त्याच्या सोबत्यांस कोरून देण्यात आले.

दरम्यान फ्रँक्लिनच्या पत्नीने स्वतःच्या खर्चाने ‘फॉक्स’ नावाची १७७ टनांची नौका मॅक्लिन्टॉक याच्या हाती देऊन धाडली होती. १८५९ साली त्याच्या लोकांस किंग विल्यम बेटावर दगडांच्या ढिगाऱ्यात ठेवलेला लेख सापडला. वर दिलेल्या तारखा त्यावरूनच कळल्या आहेत. एका ठिकाणी घसरगाडीवर ठेवलेली एक जड होडी व तिच्यात दोन सांगाडे आढळले. त्या होडीत रेशमी रुमाल, सुवासिक साबण, पुस्तके व चांदीचे काटेचमचे होते. प्राणांवर बेतले असतानाही माणसे जुन्या घरातील काय काय ओढून नेतात, हे वाचून हसू येत नाही. आपल्याच घरातील पेटारे डोळ्यांपुढे उभे राहतात.

आता या कथेतील मुख्य पुरुषाकडे वळू. नॉर्वे देशात १८७२ साली रोआल्ड अमुंडसेन जन्मला. त्याच वर्षी त्याच देशात हार्डांगर येथे हेरिंग मासळीच्या धंद्यासाठी ‘ग्योआ’ नावाचे एक गलबत बांधले गेले. बांधणाऱ्या सुताराने त्यास आपल्या बायकोचे नाव दिले होते. लांबी सुमारे ७० फूट, रुंदी २० फूट, वजन अवघे ४७ टन. अमुंडसेनने बालपणी फ्रँक्लिनची पुस्तके वाचली आणि थंडी अंगात मुरावी म्हणून तो हिवाळ्यात खिडक्या उघड्या टाकून निजू लागला. मोठेपणी त्याने हॅम्बुर्ग येथे नॉयमायर या विद्वानाजवळ चुंबकत्वाच्या मापनाचे शिक्षण घेतले. कारण नुसत्या साहसास कोणी पैसे देत नाही, त्यास शास्त्रीय कार्याची जोड पाहिजे, हे त्याने ओळखले होते. तरीही कर्ज झालेच. सावकार जप्ती आणण्याच्या बेतात आहेत असे पाहून १६ जून १९०३ च्या मध्यरात्री, भर पावसात, हे गलबत ख्रिस्तियानियाच्या बंदरातून निसटले. आज त्याच शहरास ऑस्लो म्हणतात.

गलबतावर सात माणसे होती आणि १३ अश्वशक्तीचे घासलेटावर चालणारे एक यंत्र. सात माणसांचे पाच वर्षांचे अन्न ४७ टनांच्या गलबतात मावते; सव्वाशे माणसांचे तीन वर्षांचे अन्न न्यावयाचे म्हणजे दोन प्रचंड जहाजे लागतात, त्या जहाजांस चालविण्यास पुन्हा तितकीच माणसे लागतात, आणि उपासमारीची वेळ आली तर कोणत्याही शिकारीने त्यांचे भागत नाही. हा साधा हिशेब अमुंडसेनने केला होता. ‘ग्योआ’ बीची बेटावरून दक्षिणेकडे वळले व रे याने दाखविलेल्या पूर्वेकडील उथळ सामुद्रधुनीत शिरले. वाटेत यंत्राच्या खोलीस आग लागली. पुढे गलबत खडकावर आदळले, तेव्हा डेकवरील पेटारे समुद्रात फेकून त्यास हलके करावे लागले आणि ते सुटले. ‘इरेबस’ तेथे अडकते तर सुटते ना. रे याचे हे ऋण अमुंडसेनने पुढे आपल्या ग्रंथात मोकळेपणाने मान्य केले आहे.

सप्टेंबर १९०३ मध्ये किंग विल्यम बेटाच्या दक्षिण किनाऱ्यास एक लहान, सर्व बाजूंनी बंदिस्त बंदर मिळाले. तेथे ‘ग्योआ’ने जवळजवळ दोन वर्षे मुक्काम केला. चुंबकीय उत्तर ध्रुव १८३१ साली जेम्स क्लार्क रॉसने जेथे नोंदविला होता तेथून तो सुमारे ५० किलोमीटर सरकला आहे, असे अमुंडसेनच्या मापनांवरून दिसून आले. म्हणजे हा ध्रुव आपल्या पुराणांतील ध्रुवासारखा अढळ नाही, हे सिद्ध झाले. परंतु या दोन वर्षांतील खरे शिक्षण निराळेच होते. तेथील नेत्सिलिक इनुइट लोकांची वस्ती गलबताभोवती जमली. लोकरीचे कपडे टाकून देऊन हरणाच्या कातड्याचे सैल कपडे कसे घालावे, घाम येऊ न देता कसे चालावे, बर्फाचे घर तासाभरात कसे बांधावे, कुत्र्यांच्या गाडीचे पोलादी तळ थंडीत का चिकटतात व त्यांवर बर्फाचा लेप कसा द्यावा, हे सर्व अमुंडसेन एखाद्या नव्या विद्यार्थ्याप्रमाणे शिकला. या गुरुकुलातील विद्येचे फळ १४ डिसेंबर १९११ रोजी दिसले. त्या दिवशी तो दक्षिण ध्रुवावर पोहोचला, आणि त्याच्या चार सोबत्यांपैकी हेल्मर हान्सेन हा ‘ग्योआ’वरचाच होता.

१३ ऑगस्ट १९०५ रोजी गलबताने नांगर उचलला. पुढील दोन आठवडे पाणी इतके उथळ होते की, सतत खोली मोजीत, इंचाइंचाने पुढे सरकावे लागले. त्या दिवसांत अमुंडसेनच्या घशाखाली घास उतरत नसे. पुढे भेटलेल्या लोकांनी तेहतीस वर्षांच्या या तरुणाचे वय साठीच्या घरातील व त्याहूनही अधिक मानले. २६ ऑगस्ट रोजी सॅन फ्रान्सिस्कोहून आलेले देवमाशांच्या शिकारीचे एक जहाज समोरून येताना दिसले. पश्चिमेकडून आलेले जहाज दिसले, याचा अर्थ वाट पूर्ण झाली. आणखी एक हिवाळा बर्फात अडकून पडावे लागले व त्यात गुस्टाफ व्हीक हा तरुण सोबती वारला. मधल्या काळात अमुंडसेन घसरगाडीने अलास्कातील ईगल या ठाण्यापर्यंत गेला आणि ५ डिसेंबर १९०५ रोजी तेथून त्याने तार केली. त्याचा देश त्याच वर्षी स्वीडनपासून स्वतंत्र झाला होता. नव्या राष्ट्रास याहून चांगली भेट कोणती मिळणार? १९०६ च्या उन्हाळ्याअखेर ‘ग्योआ’ नोम बंदरात शिरले आणि वायव्य मार्ग जहाजाने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रथमच पार झाला.

येथे कोणी आक्षेप घेईल की, लहानपणाचे हे स्तोत्र अतिशयोक्तीचे आहे. हडसनचे गलबतही लहानच होते, पण त्यामुळे तो वाचला नाही. आक्षेप खरा आहे. लहान असणे हे पुरेसे कारण नव्हे. अमुंडसेनजवळ रे याचा नकाशा होता, तो फ्रँक्लिनजवळ नव्हता. आणि त्या त्या वर्षीच्या बर्फाचा कौल कोणाच्या हाती नसतो, हेही मान्य केले पाहिजे. तथापि आमचे म्हणणे असे की, लहान गलबतातील मनुष्यास शिकणे भागच पडते. मोठ्या जहाजात सर्व काही असते, म्हणून त्यातील माणसास कोणाला काही विचारावे लागत नाही. आणि न विचारण्याची ही सवयच अखेर घातक ठरते. रॉस, रे व अमुंडसेन हे तिघे वाचले ते विचारण्याच्या सवयीमुळे.

नंतरच्या काळातही हीच गोष्ट दिसते. नॉर्वेतच जन्मलेला हेन्री लार्सेन हा कॅनडाच्या पोलिसदलाच्या ‘सेंट रॉक’ या १०४ फुटी नौकेचा कप्तान. त्याने १९४० ते १९४२ या काळात पश्चिमेकडून पूर्वेकडे हा मार्ग आक्रमिला, आणि १९४४ साली उलट दिशेने ८६ दिवसांत, एकाच मोसमात, तो परतला. उलटपक्षी १९६९ साली ‘मॅनहॅटन’ नावाचे, हजार फुटांहून लांब तेलवाहू जहाज बर्फ फोडणाऱ्या नौकांच्या मदतीने या मार्गाने गेले. ते बर्फात अडकले, त्यास दुसरी वाट धरावी लागली, आणि तेल नेण्याचा तो बेत पुढे सोडून द्यावा लागला. त्याच १९६९ साली लार्स-एरिक लिंडब्लाड या गृहस्थाने फिनलंडमध्ये सुमारे शंभर प्रवाशांचे एक लहान, तांबड्या रंगाचे जहाज बांधून घेतले. रबरी होड्यांतून किनाऱ्यावर उतरावयाचे, बरोबर निसर्गशास्त्रज्ञ घ्यावयाचे, आणि पाहुण्यांनी विद्यार्थी व्हावयाचे, अशी त्याची कल्पना होती. १९८४ साली याच जहाजाने प्रवासी घेऊन वायव्य मार्ग प्रथम पार केला. आजच्या सर्व उत्तर सफरींचे मूळ येथे आहे. ते जहाज २००७ साली दक्षिणेकडील अंटार्क्टिक समुद्रात बुडाले. सुदैवाने त्यावरील सर्व १५४ माणसे वाचली.

परंतु २००७ हेच वर्ष आणखी एका कारणाने स्मरणीय आहे. त्या उन्हाळ्यात वायव्य मार्ग इतका मोकळा झाला की, उपग्रहांची नोंद सुरू झाल्यापासून तसे कधी दिसले नव्हते. पृथ्वी तापत चालली आहे आणि उत्तरेकडील बर्फ विरळ होत आहे. २०१६ साली सुमारे हजार प्रवाशांचे एक विलासी जहाज या वाटेने सुखरूप गेले. वाटेत ते उलुखाक्तोक या गावी थांबले. गावची वस्ती चारशेच्या आतबाहेर. तेव्हा आता लहान जहाज हे केवळ निसर्गाच्या सक्तीने लागते असे राहिलेले नाही. ज्या गावात चारशे माणसे राहतात तेथे हजार पाहुण्यांनी एका दिवशी उतरावे की शंभरांनी, हा आता सभ्यतेचा प्रश्न झाला आहे. लहान जहाजही निर्धास्त नसते, हे मात्र विसरता कामा नये. २०१० साली एक लहान प्रवासी जहाज, पूर्वीच ज्याची सूचना प्रसिद्ध झाली होती अशा खडकावर चढले, आणि त्यातील प्रवाशांस सोडविण्यास कॅनडाची बर्फफोडी नौका धावून आली. तिचे नाव ‘अमुंडसेन’. विचारण्याची सवय सुटली म्हणजे आकार लहान असून उपयोग नाही.

विचारण्याची सर्वांत मोठी उपेक्षा ज्या विषयात झाली त्याचा निकालही आता लागला आहे. इनुइट लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते की, फ्रँक्लिनचे एक जहाज बेटाच्या दक्षिणेस बुडाले. २०१४ साली ‘इरेबस’ त्याच बाजूस सापडले. २०१६ साली सॅमी कोग्विक या इनुइट गृहस्थाने पूर्वी पाहिलेल्या एका डोलकाठीची हकीकत सांगितली, आणि त्या उपसागरात ‘टेरर’ मिळाले. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या परीक्षणात खलाशांच्या अस्थींवर सुरीचे घाव आढळले. २०२४ साली तसेच घाव असलेला एक जबडा ‘इरेबस’चा कप्तान फिट्झजेम्स याचा असल्याचे निश्चित झाले. रे यास लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबीत स्मृतिशिला मिळाली तीही २०१४ सालीच. फ्रोबिशरचे नाहीसे झालेले पाच खलाशी सुद्धा या लोकांच्या स्मरणात होते. जवळजवळ तीनशे वर्षांनी, १८६१ साली, चार्ल्स फ्रान्सिस हॉल या अमेरिकन प्रवाशास त्यांची हकीकत तोंडी ऐकावयास मिळाली. लेखी पुरावा तेवढा खरा आणि मुखपरंपरा ती सर्व दंतकथा, असे मानणाऱ्या इतिहासकारांनी या उदाहरणांचा विचार करावा. बखरी, पोवाडे व गावोगावच्या आठवणी यांच्या आधारे ज्यांचा बराचसा इतिहास उभा राहिला त्या महाराष्ट्रीयांस तर ही गोष्ट पटावयास कठीण जाऊ नये. मुखपरंपरा तपासून घ्यावी. पण तपासावयाची म्हणजे प्रथम ऐकली पाहिजे.

‘ग्योआ’ ज्या वर्षी निघाले त्याच १९०३ साली पुण्यात लोकमान्य टिळकांचा ‘आर्क्टिक होम इन दि वेदाज’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. आर्यांचे मूलस्थान उत्तर ध्रुवाजवळ होते, हा त्यातील सिद्धांत आज विद्वान ग्राह्य धरीत नाहीत. परंतु दीर्घ उषा आणि दीर्घ रात्र यांचे चिंतन करीत एक मराठी पंडित ग्रंथांच्या साह्याने जेथे हिंडत होता तेथेच ‘ग्योआ’वरील सात दर्यावर्दी त्या वेळी खरोखरीची दीर्घ रात्र काढीत होते, ही नोंद करून ठेवण्याजोगी आहे. आज आपलाही त्या प्रदेशाशी प्रत्यक्ष संबंध आला आहे. स्वालबार्ड बेटावर न्यू-ओलेसुंद येथे भारताचे ‘हिमाद्री’ हे संशोधनकेंद्र २००८ पासून आहे, आणि त्याचा कारभार गोव्यातील वास्को येथील ध्रुवीय संशोधनसंस्था पाहते. याच न्यू-ओलेसुंदहून १९२६ साली अमुंडसेन हवाई जहाजातून ध्रुवावरून पलीकडे गेला होता. १९२८ साली दुसऱ्याच्या शोधास विमानातून गेला असता तो उत्तर सागरात नाहीसा झाला.

‘ग्योआ’ मात्र अद्याप आहे. अनेक वर्षे सॅन फ्रान्सिस्कोच्या बागेत पडून राहिल्यावर १९७२ साली, म्हणजे बांधल्यापासून शंभराव्या वर्षी, ते स्वदेशी परत गेले व आता ऑस्लो येथील संग्रहालयात आहे. ज्या बंदरात त्याने दोन वर्षे काढली तेथे आज ग्योआ हेवन नावाचे गाव वसले आहे. तेथील लोक त्यास उक्सुक्तूक, म्हणजे विपुल चरबीचे ठिकाण, म्हणतात. आणि हे नाव अर्थातच अधिक जुने आहे. ज्या वाचकांस पुढेमागे त्या पाण्यांत सफर करण्याचा योग येईल त्यांनी जहाज लहान आहे एवढ्यावर संतुष्ट न होता, किनाऱ्यावर उतरल्यावर हे दुसरे नाव विचारून घ्यावे, आणि सांगणारास आणखी काय सांगावयाचे आहे तेही स्वस्थपणे ऐकावे.